मुदत कमी करू की हप्ता?

बँक सोडली तर तुम्ही निवृत्त कधी होणार, याची चौकशी या जगात कुणीही आपणहून करत नाही. घरच्यांना तो विषय नको असतो, कारण त्यानंतर तुम्ही दिवसभर घरातच असणार. ऑफिसात आपण तो काढत नाही, कारण साहेबाच्या डोक्यात नसती कल्पना यायची. पण गृहकर्जाच्या टेबलापलीकडे बसलेली, काल-परवाच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी पाणी विचारायच्या आधी विचारते, "सर, रिटायरमेंट साठला ना?" आपण हो म्हणतो. ती साठातून आपलं वय वजा करते, उरेल तो आकडा फॉर्मवर टाकते आणि कर्जाची मुदत ठरते. चाळिशीच्या माणसाला वीस वर्षं. ज्या महिन्यात शेवटचा हप्ता जाईल त्याच महिन्यात निरोप समारंभाची शाल आणि नारळ हातात येईल, अशी सोय तिनं लावून दिलेली असते. त्याच्या पुढच्या महिन्यापासून खायचं काय, हा रकाना तिच्या फॉर्मवर नसतो.

तो रकाना आपल्याला आठवतो बोनस मिळाल्यावर. हातात चार पैसे जास्तीचे पडले की मध्यमवर्गीय माणसाला आनंद होत नाही, काळजी वाटते. हे आता घालायचे कुठे? कर्जात भरून हप्त्यांची वर्षं कमी करावीत, की म्हातारपणासाठी बाजूला टाकावेत? या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलाच्या नावावरूनही झाली नव्हती. आणि नावाच्या वेळी निदान बारशाच्या आत दोन्ही आज्यांमध्ये तह झाला होता.

यातला पहिला पक्ष माझ्या सासऱ्यांचा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नियमाप्रमाणे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे : आधी कर्ज फेडा. "जावईबापू, डोक्यावर पन्नास लाख घेऊन तुम्हाला झोप कशी लागते?" असं ते मला विचारतात, दुपारी जेवून आडवं होण्यापूर्वी. त्यानंतरचे दोन तास त्यांना झोप कशी लागते, हे आख्ख्या मजल्याला ऐकू येतं.

ती झोप जुन्या पेन्शनची आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि तोही वाढत जाणारा. त्यांच्या पश्चात सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन. एवढं पाठीशी असलेल्या माणसाला म्हातारपणासाठी वेगळं साठवायचं म्हणजे काय, हे कळायचं कारणच नव्हतं. त्यांच्या लेखी निवृत्तीनंतर पैसे लागतात ते चारधामला.

बरं, त्यांचं गणित चुकलं होतं असंही नाही. १९९५ च्या सुमारास त्यांनी डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं तेव्हा घरकर्जाचा व्याजदर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता आणि पीपीएफवर बारा टक्के मिळत होते. पंधरानं घ्यायचं आणि बारानं ठेवायचं, हा उद्योग गणितात नापास झालेला माणूसही करणार नाही. ते फेडत सुटले. रजेचे पैसे, भत्त्याचा फरक, पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी, सगळं त्या कर्जाच्या पोटात गेलं आणि मुदतीच्या कितीतरी आधी ते मोकळे झाले. त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. फक्त त्यांचा सल्ला आम्हाला वारशात मिळाला, पेन्शन मिळाली नाही.

त्यांच्या मुलीलाही नाही. माझी बायको अनुदानित शाळेत शिक्षिका, आणि तिची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची. ही तारीख महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या घरात वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ असते. आधी लागला तो तरला. नंतर लागला त्याच्या पगारातून कापायचे, बाजारात गुंतवायचे आणि वाट बघायची. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले तेव्हा बायको उन्हात मोर्चाला होती आणि सासरे पंख्याखाली टीव्हीसमोर बसून तिला पाठिंबा देत होते. नंतर सुधारित योजना आल्या, पर्याय आले, फॉर्म आले. त्यातलं कुठलं भरायचं यावर स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही. महिन्याच्या सुरुवातीला सासऱ्यांच्या मोबाइलवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेज टुंग करून येतो. चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर हप्ता गेल्याचा मेसेज येतो तोही तस्साच टुंग करून. बँकांनी या दोन गोष्टींना वेगवेगळे आवाज ठेवायला हवे होते.

सासऱ्यांच्या हाती आयतं कोलीत देतो तो कर्जाचा तक्ता. हा तक्ता प्रत्येक कर्जदाराला मिळतो आणि पहिल्या पानावरच त्याचं पित्त खवळतं. पन्नास लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्याची ओळ बघा : व्याज ३५,४१७, मुद्दल ७,९७४. त्रेचाळीस हजार गेले आणि घर आठ हजारांनी आपलं झालं. आठ हजारांत आमच्याकडे साधारण एक चौरस फूट येतो. म्हणजे पहिल्या महिन्यात माझ्या मालकीची जागा झाली ती चपलांचा जोड काढण्यापुरती. तिच्यापुढे पाऊल टाकलं की मी बँकेच्या हद्दीत. निम्मं मुद्दल फिटेपर्यंत चौदावं वर्ष सरत आलेलं असतं. सगळे मिळून जातात एक कोटी चार लाख.

"बघा," सासरे म्हणतात, "आणि वर्षाला एकच हप्ता जास्त भरला तर?" तर तेच कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी सुटतं, हेही खरं. फ्लोटिंग दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं तो २०१२ मध्येच बंद केला. सासऱ्यांना हे मी सांगितलं ही माझी आगाऊ हुशारी. तेव्हापासून ते "दंडसुद्धा नाही!" हे वाक्य आमटी वाढतानाही म्हणतात.

दुसरा पक्ष मेव्हण्याचा. तो हिंजवडीत असतो, म्हणजे बहुतेक वेळ हिंजवडीच्या वाटेवर असतो, आणि तिथे गाडीत बसल्या बसल्या त्यानं एक एक्सेल शीट तयार केली आहे. "दाजी, साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडलंत म्हणजे साडेआठ टक्केच कमावलेत. इक्विटी लाँग टर्ममध्ये बारा देते. मग फेडायची घाई कशाला?" महिना दहा हजारांची एसआयपी, वीस वर्षं, बारा टक्के : जवळजवळ एक कोटी. शीटच्या तळाशी तो आकडा हिरव्या रंगात असतो. मी सहज म्हणून बारा खोडून तिथे आठ लिहिले. हिरव्या कोटीचे एकोणसाठ लाख झाले. चाळीस लाख गेले, ते बॅकस्पेसच्या एका टिचकीनं. मेव्हण्यानं शांतपणे लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. "दाजी, त्या सेलला हात नाही लावायचा."

त्याच शीटमध्ये महागाईचंही पान आहे. आज घरखर्चाला साठ हजार लागत असतील तर सहा टक्के महागाईनं वीस वर्षांनी एक लाख ब्याण्णव हजार लागतील. चहाचीसुद्धा स्वतंत्र ओळ आहे : आजचा पंधरा रुपयांचा कटिंग तेव्हा अठ्ठेचाळीसला. माझ्यावर एक लाख ब्याण्णव हजारांचा काहीच परिणाम झाला नाही, एवढे पैसे मी कधी एकदम बघितलेच नाहीत. पण अठ्ठेचाळीस रुपयांत अर्धा कप चहा? त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. सासऱ्यांना ते कळलं आणि त्यांनी त्याचं खापर कर्जावर फोडलं.

मेव्हण्याच्या शीटमध्ये व्याजदर वीस वर्षं एका जागी उभा असतो. खरा व्याजदर तसा उभा राहत नाही. २०२० मध्ये रेपो रेट चार टक्क्यांवर आला होता आणि त्यानंतर सात टक्क्यांच्या आत घरकर्ज मिळू लागलं. तेव्हा लोक फ्लॅट बघायला जात आणि घेऊन येत. मे २०२२ पासून रेपो रेट चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर जाऊन थांबला. एवढं होऊनही कित्येकांचा हप्ता रुपयानंही वाढला नाही. बँकेच्या या चांगुलपणानं लोक भारावून गेले. हप्ता तोच ठेवून बँकेनं गुपचूप मुदत वाढवली होती, हे पुढे कळलं. आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या एकानं डब्यात उभ्या उभ्या मोबाइलवर स्टेटमेंट उघडलं आणि शेवटच्या हप्त्याची तारीख वाचून त्याचा चेहरा असा झाला की बसलेल्या एकानं उठून त्याला जागा दिली. सकाळच्या डोंबिवली फास्टला ही घटना घडली, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं. हिशेबाप्रमाणे तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत हप्ते भरणार होता. "एवढं आयुष्य तर माझ्या आईनंही मला चिंतलं नव्हतं रे," तो म्हणाला. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बजावलं. पण तोवर पुष्कळ लोक कागदोपत्री दीर्घायुषी होऊन बसले होते.

हे ऐकलं की कर्जच आधी संपवावं असं वाटायला लागतं. तसं वाटायला लागलं की मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन बसतो.

काकांनी आयुष्यभर सासऱ्यांच्या मताप्रमाणे केलं, फक्त नोकरी सासऱ्यांसारखी नव्हती. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते पस्तीस वर्षं होते. हातात आलं ते घरात घातलं, पीएफमधूनही घरासाठी काढले आणि कर्ज मुदतीच्या बरंच आधी फेडून पेढे वाटले. मूळ करारनामा, इंडेक्स टू, सगळे कागद आता त्यांच्या गोदरेजच्या कपाटात आहेत. आणि उत्पन्न? ईपीएसची पेन्शन. तिचं सूत्र काका सत्यनारायणाच्या कथेसारखं म्हणून दाखवतात : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. यातला पगार सर्वसाधारणपणे १५,००० च्या वर धरतच नाहीत, मग तो प्रत्यक्षात लाखभर का असेना. त्यामुळे उभी हयात नोकरीत घालवली तरी महिन्याला साडेसात-आठ हजारांच्या पुढे गाडी जात नाही, आणि काकांची तर तेवढीही गेली नाही, कारण त्यांच्या बहुतेक नोकरीच्या काळात ही मर्यादा पंधरा हजारांपेक्षाही खाली होती. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वजा करा.

"फ्लॅट सत्तर लाखांचा आहे म्हणतात माझा," काका म्हणाले. "परवा भाजीवाल्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, काका, सुट्टे द्या."

काकू आतून म्हणाल्या, "आणि कोथिंबीर फुकट मागू नका."

तर एवढं ज्ञान घेऊन मी एकदाचा बँकेत गेलो. कर्जात थोडी रक्कम भरायची होती. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या माणसाला खुर्ची मिळते, फेडायला गेलेल्याला टोकन. टोकनाचा आकडा लागला. काउंटरवरच्या बाईंनी "पार्ट पेमेंट?" असं अशा आवाजात विचारलं की जणू मी काहीतरी त्यांचंच परत घ्यायला आलोय. फॉर्म निघाला, कर्ज खात्याचा लांबलचक नंबर लिहिला, एक आकडा चुकला, नवा फॉर्म निघाला. मग पेन थांबवून त्या म्हणाल्या, "मुदत कमी करू की हप्ता?"

एवढ्या वर्षांचा घरातला वाद त्या बाईंनी पाच शब्दांत काउंटरवर ठेवला. मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं, हा सासऱ्यांचा मार्ग. हप्ता कमी केला तर दर महिन्याला थोडे हातात राहतात आणि ते म्हातारपणासाठी टाकता येतात, हा मेव्हण्याचा. म्हणजे टाकता येतात असं म्हणतात. माझ्या माहितीतल्या सगळ्यांचे ते शनिवारच्या बाहेरच्या जेवणात गेले. मी विचार करतोय हे बघून मागच्या गृहस्थांनी "मुदत, मुदत" असं सुचवलं, तर पासबुक भरून घ्यायला आलेल्या एका आजी म्हणाल्या, "हप्ता कमी कर रे बाबा. उद्याचं कोणी पाहिलंय?" त्या आजींचं वय ऐंशीच्या पुढचं होतं. उद्याचं सगळ्यात जास्त त्यांनीच पाहिलेलं होतं.

मी मुदत म्हणालो. तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर, आपला रिपेमेंट रेकॉर्ड फार सुंदर आहे. आपल्याला टॉप-अप लोन प्री-अप्रूव्ह झालंय." मी भरले होते त्याच्या दुप्पट रक्कम ते मला परत द्यायला निघाले होते. आपल्याकडे घरकर्जाचा व्यवसाय रुजवणारी एचडीएफसी १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी काढली, आणि तीही आयसीआयसीआयमध्ये उभी कारकीर्द करून, पासष्टी ओलांडल्यावर. निवृत्तीनंतर काय करावं याची चिंता कर्ज घेणाऱ्यानं करायची असते. देणाऱ्याला उद्योगाची ददात नाही.

यंदाच्या बोनसचा निकाल मात्र बायकोनं लावला. रविवारी सासरे आणि मेव्हणा दोघेही जेवायला होते. तिनं कर्जाचा तक्ता आणि एक्सेलचा प्रिंटआउट शेजारी शेजारी ठेवले आणि पेपर तपासायचं लाल पेन घेऊन बसली. मेव्हण्याच्या कागदावर परताव्याच्या रकान्याभोवती गोल केला : "हे उत्तर कुणाचं बघून लिहिलंस?" सासऱ्यांच्या तक्त्यावर लिहिलं, "प्रश्न नीट वाचला नाही. पेन्शन गृहीत धरली आहे." मग तिनं दोघांनाही एकच विचारलं. "आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या ओळीत आहे?"

आई म्हणजे माझी आई. ती तेव्हा पोळ्या करत होती, उभ्यानं.

ते कुठल्याच ओळीत नव्हतं. लिफ्टसाठी सोसायटीनं माणशी वर्गणी काढली होती, तीही नव्हती. मुलाच्या क्लासची फी नव्हती. वीस वर्षांनंतरच्या चहाची ओळ होती. येत्या जूनची नव्हती. बायकोनं आधी गुडघा लिहिला, मग लिफ्ट (गुडघा झाल्यावर लिफ्ट लागणारच), मग सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढी रक्कम एफडीत, आणि खाली जे काही चिमूटभर उरलं त्याचे दोन भाग केले : निम्मे कर्जात, निम्मे पीपीएफमध्ये. पीपीएफवर सध्या ७.१ टक्के मिळतात आणि कर्ज साडेआठचं आहे, असं मेव्हण्यानं पुटपुटून बघितलं. "कर्जात भरलेले पैसे अडचणीला परत मागितले तर बँक व्याज लावून देते," बायको म्हणाली, "आणि इक्विटीतले तू चांगल्या दिवशी दाखवतोस." सासरे आणि मेव्हणा दोघेही सारखेच नाराज होऊन श्रीखंडाकडे वळले, त्या अर्थी निकाल निष्पक्ष असावा.

मलाही बोलायला हवं म्हणून मी काकांचा विषय काढला. घर फिटलं, पण हातात काही उरलं नाही, तर माणसानं करायचं काय? मेव्हण्याकडे त्याचंही उत्तर होतं. "रिव्हर्स मॉर्गेज, दाजी. २००७ पासून आहे आपल्याकडे." आणि त्यानं सासऱ्यांना समजावून सांगितलं. वय साठच्या वर हवं. आपलं स्वतःचं, कर्जमुक्त घर बँकेकडे गहाण ठेवायचं. बँक आपल्याला दर महिन्याला पैसे देते. राहायचं त्याच घरात, हप्ता भरायचा नाही. नवराबायको दोघंही गेल्यावर वारसांनी पैसे भरून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकून वसूल करते. आपल्याकडे या योजनेकडे फारसं कुणी फिरकलेलं नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

सासऱ्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे साठीपर्यंत हप्ते भरून घराचे कागद बँकेतून सोडवून आणायचे."

"हो."

"हल्ली कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत ते परत द्यावेच लागतात, नाहीतर बँकेला दिवसाला पाच हजार भुर्दंड."

"बरोबर, बाबा."

"आणि साठीनंतर तेच कागद घेऊन परत त्याच बँकेत जायचं."

"साधारण तसंच."

"मग आणायचे कशाला?" सासरे म्हणाले. "तिथेच राहू दे की. रिक्षाचे तरी वाचतील."